वरच्या घराच्या किचनमधला वास

आधीच सांगून टाकते, कारण खाली कोणीतरी विचारणारच - नाही, माझा भुताखेतांवर विश्वास नाही. भंडाऱ्याच्या एका ज्युनिअर कॉलेजात मी फिजिक्स शिकवते. नव्या गाडीला बांधलेलं लिंबू-मिरची मी स्वतः सोडून फेकलं होतं, त्यावरून सासूबाई अजून टोमणे मारतात. तरी हे लिहितेय, कारण डोक्यातून जात नाहीये... आणि घरी विषय काढला की आई उठून आत जाते.

माझं माहेर अड्याळचं. मागच्या हिवाळ्यात भावाच्या पोरांनी स्कीइंगचे व्हिडिओ बघून घर डोक्यावर घेतलं. बर्फ बघायचा, बर्फावर घसरायचं! बघता बघता आत्या तयार झाली, मामेभाऊ तयार झाले, त्यांची पोरंटोरं आलीच. वीसेक माणसं झाली आणि जागा शोधायचं काम माझ्या गळ्यात पडलं. "तुले समजते न थे ऑनलाईनचं," म्हणे. फिजिक्स शिकवणाऱ्या बाईला सगळंच समजतं असा आमच्याकडे समज आहे.

आईने मात्र एकच अट घातली. "भाऊजी येत असन तं जाऊ. नाही तं कोणीच नाही जाणार."

भाऊजी म्हणजे माझे काका. काकू जाऊन दोन वर्षं झाली होती. मूलबाळ नाही. काका सकाळी ओसरीवर येऊन बसायचे ते संध्याकाळपर्यंत तिथेच. जेवायला बसले की दोन घास खाऊन उठायचे. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या, काही निघालं नाही. पण अंगावरचे कपडे महिन्यागणिक ढिले होत होते, आणि ते आमच्या डोळ्यांदेखत संपत चालले होते. आईला त्यांना कसंही करून त्या ओसरीवरून उठवायचं होतं. मलाही.

काकांनी एका वाक्यात विषय मिटवला. "हॉटेलचं मले जमत नाही. तुमी जा."

मग मी हट्टालाच पेटले. जिथे आपला स्वयंपाक आपण करता येईल अशीच जागा घ्यायची! औलीला किचन म्हणून दाखवलं ते एक फळी आणि त्यावर विजेची किटली. गुलमर्गवाला फोनवर "सब मिल जाएगा मॅडम" म्हणायचा, पण गॅस मिळेल का विचारलं की लाईन कट. शेवटी मनालीच्या पुढच्या एका गावातली तीन घरं उरली. पहिल्याला छान बाल्कनी होती, दुसरं स्कीइंगच्या उतारापाशीच. तिसऱ्याला ते लोक 'ऊपर वाला घर' म्हणायचे. मोठं होतं, पण ओबडधोबड, उतारापासून लांब. ते मी जवळजवळ बाद केलं होतं.

रविवारी दुपारी अड्याळच्या घरी आम्ही टीव्हीला मोबाईल जोडून तिन्ही घरं व्हिडिओ कॉलवर बघायला बसलो. काका नेहमीसारखे बाहेर ओसरीवर, पाठ करून. तिथला केअरटेकर राकेश दोन घरं दाखवून वरच्या घरी गेला. किचन दिवाळीपासून बंद होतं, कुलूप निघता निघेना. एकदाचं दार उघडलं, तो आत गेला आणि थांबला.

"अरे... यहाँ चावल किसने चढ़ाया है?"

त्याने हे म्हटलं आणि पुढच्याच क्षणी वास आमच्या खोलीत आला.

ज्यांनी चिन्नोर तांदूळ शिजताना त्याचा वास घेतलाय त्यांना सांगायला नको, आणि बाकीच्यांना सांगून कळणार नाही. काकू तळ्याखालच्या एका लहानशा बांधीत, म्हणजे भातखाचरात, चिन्नोर लावायची, फक्त घरच्यासाठी. ती गेल्यावर तो कोणी लावलाच नाही. आमच्या घरात दोन वर्षांत चिन्नोरचा दाणा आला नव्हता.

"अव माय... चिन्नोर!" आत्या म्हणाली. मला वाटलं, बरं झालं, मला एकटीलाच नाही आला.

भाऊ उठून आमच्या स्वयंपाकघरात गेला. गॅस बंद, भांडी घासून पालथी. मी चपला न घालता रस्त्यावर पळाले, शेजारच्या तीन-चार घरांत विचारून आले. भर दुपारी कोण भात मांडणार? बाहेर वासही नव्हता. परत आले तर टीव्हीवर राकेश एकेक झाकण उघडून दाखवत होता. "सब खाली है मॅडम. चूल्हा एकदम ठंडा."

तेवढ्यात काका दारात उभे दिसले. स्वतःहून उठून आत आले होते.

"कोणतं घर हाय हे?"

"वरचं हो काका. उतारापासून लांब आहे, मी ते..."

"हेच घ्या. तिनं चूल पाह्यली."

आमच्या घरात याचा अर्थ सगळ्यांना माहीत होता, तुम्हाला सांगते. लग्न असो की जत्रेतली धर्मशाळा - बाहेर कुठे मोठा स्वयंपाक असला की काकू एक दिवस आधी सामानाच्या गाडीतून पुढे जायची. चूल पेटवायची आणि थोडासा चिन्नोर शिजवून बघायची. भात मोकळा झाला तर जागा पास, नाही तर चूल मोडून दुसरीकडे मांडायला लावायची. आम्ही तिला 'इन्स्पेक्टर' म्हणून चिडवायचो. पण तिने चूल पाहिल्याशिवाय बाकीची माणसं घरून निघायची नाहीत.

"मंग येता न भाऊजी?" आईने लगेच विचारलं.

"येतो न."

मी रात्रंदिवस कारणं शोधली. एकाने म्हटलं म्हणून सगळ्यांना भास झाला, असं असू शकतं. पण पहिल्यांदा वास आला तो राकेशला, आणि त्याने चिन्नोरचं नावही ऐकलेलं नव्हतं. मी त्याला वेगळा फोन करून खोदून विचारलं, कसा होता वास? "जैसे खीर... नहीं, जैसे ताज़ा पॉपकॉर्न," म्हणाला. अगदी तसाच असतो.

जानेवारीत गेलो. वरच्या घराच्या किचनमध्ये फिनाईल आणि ओल, एवढाच वास. मला हायसं वाटलं, खरं सांगते. पहिल्या दिवशी आईने मोठ्या पितळी गंजात भात मांडला - आम्ही भात खाणारी माणसं, आणि आई गावजेवणाचा भात डोळे मिटून करणारी. तो कच्चा राहिला! पुन्हा पाणी घातलं, पुन्हा कच्चा. आई रडकुंडीला आली. उंचावर पाणी कमी तापमानाला उकळतं हे मी दरवर्षी शिकवते, आणि तिथे मला ते भात फसल्यावर आठवलं. तेव्हा काका उठले, झाकणावर परात उपडी घातली, वर दगड ठेवला आणि चुलीपाशी बसून राहिले. भात झाला. काका ताटभर जेवले. आई पदर तोंडाला लावून बाहेर गेली.

त्यानंतर रोज सकाळी काका आमच्या आधी किचनमध्ये असायचे. भाऊ बर्फात पाठीवर आपटून घ्यायचा, पोरं खिदळायची, आणि काका वीसेक माणसांचा भात रांधायचे. गालांवर रंग आला होता. मी स्वतःवर खूश होते.

निघायच्या सकाळी गाडी दारात उभी, सामान चढलेलं, आणि काकांची बॅग तशीच पडलेली. त्यांनी परस्पर घरमालकाशी बोलून घेतलं होतं. येणाऱ्या पाहुण्यांचा स्वयंपाक ते करणार होते. मी किचनमध्ये गेले ती तडकूनच.

"काका, काकू इथं नाही! एवढं समजत नाही काय तुमाले?"

"समजते न व," काका शांतपणे म्हणाले. "इथं नाही थे. पण घरी तं बिलकुलच नाही."

मी बाहेर आले आणि काका येत नाहीत म्हणून सांगितलं. आईने माझ्याकडे जे पाहिलं ते मी विसरू शकत नाही. आज काका तिथेच आहेत. तब्येत सुधारलीय, दर रविवारी फोन करतात, पोरांची चौकशी करतात. मी त्यांना वाचवलं की घालवलं, हे मला ठरवता येत नाही. आई कधी बोललीच तर एवढंच विचारते, "हात धरून आणता नाही आलं काय तुले?" मी विषय बदलते.

कारण एक गोष्ट मी तिला सांगितलेली नाही, इथेच पहिल्यांदा लिहितेय. काका ते बोलले तेव्हा शेगडी बंद होती, गंज धुऊन गाडीत गेला होता, तांदळाचं पोतं रिकामं होतं. आणि चिन्नोरचा वास आला. अड्याळला आला होता त्याहून जास्त. काकांनी माझ्या तोंडाकडे निरखून पाहिलं.

"आला न?"

खोटं बोलले असते तर कदाचित ते गाडीत बसले असते. मी "आला" म्हटलं.