शिपायाची दोरी

रविवारी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी दोन सूचना दिल्या. गुड फ्रायडेच्या नाटकाची तालीम संध्याकाळी, आणि मोठ्या माणसांसाठी वाचनाचा वर्ग मंगळवारपासून. ज्यांना वाचता येत नाही त्यांना आमच्या चर्चमध्ये नाटकातल्या रोमी शिपायाचं काम देतात. शिपायाला बोलायचं नसतं, नुसतं मारायचं असतं. गावापासून इतक्या लांब मला कुणी कामात घेतलं, याचंच मला अप्रूप.

संध्याकाळी तालमीत येशू झालेले मास्तर खांबाला धरून पाठमोरे उभे होते. वाचनाचा वर्गही तेच घेणार. मी चाबूक म्हणून दिलेली दोरी उगारली आणि हात वरच राहिला. चौथीतल्या गुरुजींची छडी आठवली. तिनं बोटं फुटली आणि शाळा कायमची सुटली. एखादा मास्तर असा पाठमोरा सापडावा, असं तेव्हा फार वाटायचं. मार खाल्लेल्या हातात राग किती वर्षं टिकतो कोण जाणे.

"मार की रे बाबा, आम्हाला घरी जायचंय," मागून मार्थाबाई म्हणाल्या.

मी मारली. सपकन आवाज झाला. मास्तर पाठ चोळत वळले. "मंगळवारी येतोस ना वर्गाला?"

"छडी असते का?"

"दोरी तर तुझ्याच हातात आहे," ते म्हणाले.