मागच्या सीटवरची ट्रायल

आमच्या शेजारच्या काकांकडे जुनी फोर-व्हील ड्राइव्ह जीप आहे. पावसाळ्यात चिखलातून पालमच्या दवाखान्यापर्यंत पोहोचणारी गावातली तेवढीच गाडी. तिचं स्टिअरिंग ते कुणाच्याही हाती देत नाहीत. मी कॉलेजात जातो म्हणून मला गाड्यांतलं कळतं, असं त्यांना वाटतं. मला काहीच कळत नाही. तरी चाकांवरचे धक्के झेलणारे कमानपाटे आणि शॉकअप बदलायला त्यांनी मला गंगाखेडच्या गॅरेजात नेलं.

"कडक पाटे टाका," काका मिस्त्रीला म्हणाले. "गाडी लय उंच दिसली पायजे!"

पाटे बसले. मग काकांनी चक्क किल्ली मिस्त्रीला दिली आणि मागच्या सीटवर गुडघे पोटाशी घेऊन आडवे झाले.

मी जरा लाजून विचारलं, "काका, हे काय करायलात?"

"बाळंतपणाला नेतानी बाया अशाच पडून ऱ्हातेत, बाबा. मिस्त्री, चलू द्या."

पहिल्याच खड्ड्याला काका "आई गं!" म्हणून ओरडले. मिस्त्री खो-खो हसला.

काका उठून बसले. "काढा हे. नरम टाका."

"मंग गाडी उंच न्हाई दिसायची, काका."

"नसू दे. मीच ताठ बसतो."

परतताना ते खरंच गावापर्यंत ताठ बसून होते.