साडूचं मोकळं घर

पोटच्या पोराला घराबाहेर काढायला इतका टपलेला बाप साऱ्या बीड जिल्ह्यात दुसरा नसेल, आणि तो नेमका माझ्याच नशिबी साडू म्हणून आला. त्याची बायको अन् माझी बायको सख्ख्या बहिणी, नेकनूरच्या बाजूला एकाच गावात दिलेल्या, त्यामुळं हा माणूस मला जन्मभर टाळता आला नाही. त्याचं देवाकडं एकच मागणं होतं: पोरगं, सून, नातू सगळी आपापल्या वाटेनं निघावीत आणि घरात तो अन् त्याची बायको, आमची आक्का, दोघंच राहावीत. हे तो चारचौघांत, मोठ्या आवाजात, सुनेच्या देखत बोलायचा. लोक म्हणायचे, म्हाताऱ्याच्या डोक्यात फरक पडलाय. मी बी तेच म्हणायचो.

पोराच्या लग्नात अक्षता पडल्या न पडल्या तोच यानं बँडवाल्याचा माईक हिसकला आणि सांगितलं, "मंडळी, जेवल्याबिगर कुणी जाऊ नका. अन् नव्या जोडीला भाड्यानं खोली पायजे, कुणाकडं आसंल तर मला सांगा." व्याही मांडवातून उठायला निघाले, तेव्हा आक्कानं माईकची वायरच ओढली. त्यानंतर रोज सकाळी पोरगं तोंड धुऊन चहाला बसलं की हा समोर जाऊन हात जोडायचा, "रामराम पाव्हणं. मुक्काम आजून किती दिस?" पोरगंही बापाचंच. "ठरलं न्हाई आण्णा. पर चहात साखर जरा कमी टाकायला सांगा," म्हणायचं अन् दुसरा कप मागायचं. नेकनूर-बीड जीप चालवायचं ते. पस्तिशी गाठली, बायको आली, पोरगा झाला, तरी त्याची बनियन आई धुवायची. साडूला हे लई झोंबायचं. "वासराला शिंगं फुटली तरी हिचं चाटणं चालूच हाय," म्हणायचा, आणि आक्का तिथंच पिळा झटकून बनियन वाळत घालायची.

दर पाडव्याला, मुहूर्त चांगला म्हणून, हा पोराची बाज उचलून रस्त्यावर नेऊन ठेवायचा. आक्का ती मागच्या दारानं आत आणायची. एका वर्षी पोरगं बाजेवर झोपलेलंच होतं, तर यानं मला हाक मारली. मी डोक्याकडून, हा पायाकडून, असं आम्ही ते बाजेसगट डांबरी रस्त्यावर ठेवलं. पोरगं काही जागं झालं नाही. सकाळची एसटी आली. डायवर हॉर्न वाजवून थकला, खाली उतरला अन् हळू आवाजात म्हणाला, "बाबा, मयत हाय का काय?"

"मयत आसतं तर एकदाच उचलावं लागलं आसतं," साडू म्हणाला.

त्या दिवशी आक्कानं पुरणपोळी फक्त पोराला वाढली. आमच्या दोघांच्या ताटात भात. माझ्या घरचीनं मला गुपचूप दोन पोळ्या आणून दिल्या आणि पदरात तोंड घालून हसत बसली. ती हसली तर आवाज यायचा नाही, नुसते खांदे हालायचे.

ती जाऊन आता तिसरं वर्ष लागलंय. माझी दोन्ही पोरं पुण्याकडं कंपनीत आहेत. तेराव्याचं जेवण आटपलं आणि त्यांनी पिशव्या भरल्या. जाताना धाकटा म्हणाला, "दादा, काळजी घ्या." कुणाची घेऊ, ते काही त्यानं सांगितलं नाही. पोरं वेळेवर मार्गी लागली, नशीब काढलंस, असं गाव मला म्हणतं. हा नशीबवान माणूस आता स्वतःच्या हातानं पीठ मळतो आणि करपलेली भाकर खातो.

ती गेली त्या दिवसांत साडू माझ्याकडं येऊन नुसता बसायचा. एकदा मधेच म्हणाला, "साडू, एक इचारू? तू अन् ती, घरात दोघंच, असं कवा राहिलात का?"

मी आठवून पाहिलं. आधी माझी आई आणि भाऊ, मग पोरं, पोरं गेली आणि मग तिचं दुखणं. "मधली दोन-तीन सालं आसतील," मी म्हणालो. "त्यात बी ती पोरांच्या फोनची वाट बघत बसायची."

"भेटली तर खरी. मला एक दिस न्हाई भेटला बे. लगीन झालं तवा एका खोलीत सात माणसं. आता पोरगं, सून, नातू. बायकोशी बोलायचं म्हणलं तर शेतात जावं लागतं, अन् तिथं ती म्हणते, हात चालवा."

"मग तिला सांगितलंस का हे?"

"ह्या वयात? लोक हासतील."

पोराला बाजेसगट रस्त्यावर ठेवलं तेव्हा सगळं गाव हसलं, ते याला चाललं होतं.

आणि देवानं त्याचं ऐकलं. देव ऐकतो तेव्हा असंच ऐकतो. नातवाला बीडच्या इंग्रजी शाळेत घातलं, सुनेला तिथंच एका दवाखान्यात काम लागलं, पोरानं खोली केली. साडूनं आनंदानं घराला चुना मारायला काढला. सामान चढवायला मला बोलावलं. गॅसची टाकी, कूलर, नातवाची सायकल, सगळं टेम्पोत गेलं. शेवटी आक्का बाहेर आली. हातात पिशवी, पायात चप्पल.

"तू कुठं?" साडू म्हणाला.

"आवो, लेकराला शाळेतून कोण आणंल? सुनेला रातपाळी बी हाय. चार दिस त्यांचं बसवून येते."

त्या चार दिवसांना दोन उन्हाळे उलटले.

साडूचं घर मोकळं झालं. चुना अर्धाच मारलेला आहे. रविवारी तो बीडला जायचा आणि दुपारच्याच गाडीनं परत यायचा. "तिथं टेकायला जागा न्हाई. ती माझ्याशी चार शब्द बोलली, त्यात बी तीन नातवाच्या डब्याचे," म्हणायचा आणि माझी करपलेली भाकर मुकाट्यानं मोडायचा.

"आरं, मग तिथंच राहा की," मी म्हणालो.

"पोराच्या घरात? मोठ्या झालेल्या माणसांनी एका घरात राहू नये, हे मी जन्मभर सांगत आलो बे."

मला संताप आला. "तुझी जिती हाय. माझी आसती तर मी पोराच्या मोरीशेजारी सतरंजी टाकली आसती."

तो उठून गेला. आठवडाभर आला नाही. मग एका सकाळी दाढी करून, काखेत अंथरुणाची वळकटी अन् हातात ज्वारीच्या पिठाची पिशवी घेऊन दारात उभा. "चल, फाट्यापर्यंत," एवढंच बोलला. वाटेत त्यानं माझ्या भाकरीला नावं ठेवली, सरपंचाला ठेवली, पोराला तर ठेवलीच. गाडी आली तसं मी त्याच्या दंडाला धरलं.

"पोचलास की आक्काला मला फोन करायला सांग. तू नको बोलू, तिलाच बोलू दे."

"कावून?"

"उगंच."

गाडी गेली. फोनवर दोघी बहिणींचा आवाज एकसारखाच येतो, हे त्याला सांगून काय उपयोग.