चौथ्या कप्प्यातल्या आठ मुली

आकडेमोड मला कधीच आवडली नाही, हे आधीच सांगून टाकते. मानसशास्त्र घेतलं तेच मुळी गणितापासून सुटका व्हावी म्हणून, तर गणित तिथंही माझ्या मागं हात धुऊन लागलं. वर्ध्याच्या एका अध्यापक विद्यालयात मी शिकवत होते. आणीबाणी उठून दोनेक वर्षं झाली असतील. नोकरी तात्पुरती. दर जूनमध्ये नवा आदेश मिळायचा आणि एप्रिलच्या शेवटी तो संपायचा. एम.एड. झालात तरच कायम करू, असं संस्थेनं स्पष्ट सांगितलं होतं, आणि एम.एड. झालेला एक उमेदवार त्या वर्षी दोनदा येऊन कार्यालयात बसून गेला होता. घरी वडील अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले, मिळवणारी मी एकटी. म्हणजे जूनच्या आत प्रबंध पार पडला पाहिजे, नाहीतर घरी बसा.

माझे मार्गदर्शक सर माणूस म्हणून भले होते. पण कुठल्याशा उन्हाळी शिबिरात ते 'टू-वे एनोव्हा' ही दोन घटकांचा परिणाम एकदम तपासायची संख्याशास्त्रातली रीत शिकून आले होते, आणि नवी सायकल घेतलेला माणूस दिसेल त्याला कशी घंटी वाजवून दाखवतो, तसं त्यांचं झालं होतं. आदल्या वर्षीच्या लोकांनी नुसती टक्केवारी काढून प्रबंध दिले, एम.एड. झाले, मार्गी लागले. माझ्या कपाळी एनोव्हा आला.

माझा विषय होता परीक्षेची भीती. मुलगा की मुलगी हा एक घटक, शहर की खेडं हा दुसरा. दोन दुणे चार कप्पे: शहरातले मुलगे, शहरातल्या मुली, खेड्यातले मुलगे, खेड्यातल्या मुली. प्रत्येक कप्प्यात नववीतले तीस जण. प्रत्येकाला भीतीविषयी चाळीस प्रश्न विचारायचे, उत्तर होय किंवा नाही, आणि जितके होय तितका त्याचा भीतीचा आकडा. मग बघायचं की मुलगी असण्यानं फरक पडतो का, आणि खेड्यातलं असण्यानं पडतो का. इथवर माझ्या डोक्यात शिरलं. तिसरा प्रश्न मात्र काही केल्या शिरेना. खेड्यातली मुलगी असण्यानं असा काही फरक पडतो का, जो नुसतं मुलगी असण्यातही नाही आणि नुसतं खेड्यात असण्यातही नाही? याला आंतरक्रिया म्हणतात. चार वेळा समजावून सर वैतागले. म्हणाले, तुम्ही कास्तकाराची पोर ना, मग खत टाकलं अन् पाणी नाही आलं तर कपाशीच्या पऱ्हाटीचं काय होतं? जळते, मी म्हटलं. आणि पाणी आलं तर? तर जोमात येते. मग खत चांगलं की वाईट, ते सांगा. मी म्हटलं, ते पाण्यावर आहे. सर म्हणाले, झालं, हीच तुमची आंतरक्रिया. तेव्हापासून मला ती कधी विसरता आली नाही.

मुलं निवडायची ती चिठ्ठ्या टाकून, असा सरांचा कटाक्ष. मी वर्ध्यातल्या शाळांचे पट उतरवून आणले, देवळीच्या पुढच्या तीन गावांतले आणले, आणि घरी बसून चिठ्ठ्या काढल्या. दिवाळीपर्यंत तीन कप्पे भरले. चौथ्यात, खेड्यातल्या मुलींच्या कप्प्यात, बावीस झाल्या आणि गाडी अडली. उरलेल्या आठ जणी एकाच गावातल्या होत्या. एसटीनं तीन वेळा त्या गावाला गेले आणि तिन्ही वेळा त्या गैरहजर. हेडमास्तर म्हणाले, कापूस फुटला बाई, आता होळीपर्यंत काही खरं नाही. त्यातल्या बहुतेक जणी श्रावणापासूनच शाळेत आल्या नव्हत्या. मग पटावर नावं काऊन ठेवली, असं विचारलं, तर ते माझ्याकडे बघत राहिले. पट घटला की एक मास्तर कमी होतो, एवढंही या शहरातल्या बाईला कळत नाही, असं त्यांच्या चेहऱ्यावर होतं. मग त्यांनीच तोडगा काढला. आठ कागद इथं ठेवून जा, संध्याकाळपर्यंत भरून ठेवतो.

कोण भरणार, ते मला न विचारताही कळलं. मी कागद उचलले आणि शेताची वाट विचारली. तेव्हा मला माझा मोठा अभिमान वाटला होता. म्हटलं, बाकीचे काय करायचं ते करोत, आपण खोटं करायचं नाही.

भर दुपारी ओळीतून चालताना लुगड्याचा काठ बोंडांना अडकत होता. पोटाशी ओटी बांधून आठही जणी वेचत होत्या. त्यांना थांबता येत नव्हतं, म्हणून मीच त्यांच्याबरोबर ओळीओळीनं चालत प्रश्न वाचू लागले. परीक्षेच्या आदल्या दिवशी तुला झोप लागत नाही का? एक जण हसली. म्हणाली की ती तर जेवतानाच झोपते, माय हलवून उठवते. मी 'नाही' वर खूण केली. पेपर हाती पडताच हात थरथरतात का? नाही. परीक्षेच्या विचारानं भूक मरते का? यावर सगळ्याच हसल्या. बोंडाच्या टोकांनी त्यांची बोटं ओरखडली होती आणि त्या मला पाणी विचारत होत्या. शाळेतून कोणी बाई आपल्यासाठी शेतात आली, याचंच त्यांना अप्रूप होतं. सगळ्यात लहान दिसणारीनं विचारलं, या पेपरात पास झालं तर दहावीत बसवतात का. मी नाही म्हटलं. ती पुन्हा वेचू लागली.

मग मी वाचलं, नापास झालीस तर काय होईल याची तुला काळजी वाटते का? त्यांनी एकमेकींकडे पाहिलं. त्यातली उंच मुलगी माझ्यापाशी आली.

"बाई, आमाले तं परीक्षेले बसूच देऊन नाई राह्यले. मंग भेव कायचं?"

माझ्या कागदावर होय आणि नाही असे दोनच रकाने होते. मी 'नाही' वर खूण केली. आठ कागद असेच भरले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आले.

मग दोन महिने आकडेमोड. सुटीच्या दिवशी दुपारी पडवीत बसायचं, मांडीवर संख्यांच्या वर्गांचा तक्ता आणि शेजारी कागदांची चळत. आत वडील खाटेवर. मधूनच ते हाक मारायचे आणि कुठवर आले ते मी विसरायचे. नाकी नऊ आले. एकदा तर आंतरक्रियेच्या वर्गांची बेरीज उणे आली. मी ती तशीच नेऊन सरांना दाखवली. सर म्हणाले, वर्ग उणे आलेला मी तरी जन्मात पाहिला नाही, घरी जा आणि पुन्हा करा. पुन्हा केलं. मार्चमध्ये एकदाचा 'एफ' निघाला आणि पुस्तकामागच्या तक्त्यातल्या आकड्याहून तो मोठा भरला, म्हणजे आंतरक्रिया खरी ठरली. सरांनी स्वतः आलेख काढला. मुलग्यांची एक रेघ, मुलींची एक रेघ, आणि दोन्ही एकमेकींना छेदून गेलेल्या. खेड्यातल्या मुलींचा ठिपका सगळ्यांच्या खाली होता. त्यांना भीती सर्वांत कमी. सरांनी चहा मागवला. असा स्पष्ट छेद त्यांच्या कोणत्याच विद्यार्थ्याला मिळाला नव्हता.

मी चहा प्याले नाही. आदल्या दिवशी मी घरी एक गोष्ट करून पाहिली होती. ते आठ कागद बाजूला ठेवून उरलेल्या बावीस मुलींची सरासरी काढली होती. ती चारही कप्प्यांत सर्वांत जास्त होती. तीन-तीनदा ताडून पाहिली. ज्या मुली शाळेत येत होत्या, त्या सगळ्यांहून जास्त भेदरलेल्या होत्या. त्याचं कारणही मला कोणी सांगायला नको होतं. एका विषयात गेली की शाळा बंद आणि उद्यापासून वावरात, हे त्यांना रोज समोर दिसत होतं. ज्यांना भीती नव्हती, त्यांचं सगळं आधीच होऊन गेलं होतं. आणि माझा आलेख नेमकं उलटं सांगत होता.

हे सगळं मी सरांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग विचारलं, मुली पटावर आहेत ना? आहेत, मी म्हटलं. चिठ्ठीत त्यांचीच नावं निघाली ना? निघाली. मग नमुना बरोबर आहे, ते म्हणाले. या आठ काढायच्या तर कप्पे सारखे करायला बाकीच्या तिन्हींतून आठ-आठ जण काढावे लागतील, म्हणजे आकडेमोड पुन्हा, आलेख पुन्हा, टायपिंग पुन्हा.

"हे पुढच्या वर्षी होईल. पुढच्या वर्षी तुम्ही इथं असाल का, ते तुम्ही बघा. झाकली मूठ सव्वा लाखाची."

सरांचा मला राग आला नाही. त्यांनी माझंच भलं पाहिलं. राग आला तो स्वतःचा, कारण 'पुढच्या वर्षी' हे शब्द कानावर पडले त्याच क्षणी माझं ठरून गेलं होतं. शेतात जाताना वाटलेला अभिमान कुठं गेला, कोण जाणे. आलेख होता तसाच टायपिस्टकडे दिला.

मे महिन्यात तोंडी परीक्षा झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क होते, उन्हानं हैराण झाले होते आणि रुमाल ओला करून मानेवर ठेवून बसले होते. प्रबंध त्यांनी खरंच वाचला होता, ही माझी अडचण. इकडचं तिकडचं काही न विचारता त्यांनी थेट आलेखावर बोट ठेवलं. या मुलींना भीती का वाटत नाही? मी सरांकडे पाहिलं. सर पंख्याकडे बघत होते. खरं उत्तर माझ्या अगदी ओठांवर होतं, एका वाक्याचं.

"ग्रामीण वातावरण मोकळं असतं, सर. मुलींवर अपेक्षांचं ओझं नसतं," मी म्हटलं.

परीक्षकांनी मान डोलावली, शक्य आहे म्हणाले, आणि सही केली. जूनमध्ये कायम झाल्याचा आदेश हातात आला. वडिलांनी तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला. त्या दिवशी घरात शिरा झाला, आणि खोटं कशाला बोलू, मी तो पोटभर खाल्ला.

पुढं सरांनी अध्यापक विद्यार्थ्यांसाठी टिपणांचं एक पुस्तक काढलं. त्यात माझा निष्कर्ष एका ओळीत आला, नाव न देता. तिथून तो दुसऱ्या पुस्तकांत गेला, मग प्रश्नपत्रिकेत आला. त्या गावाला मी पुन्हा कधी गेले नाही. जावंसं वाटायचं, पण जाऊन सांगणार काय? वर्षं गेली, वडील गेले. मीही थकले, आणि वर्गात टिपणं सांगू लागले, कारण समजावून सांगण्यापेक्षा ते सोपं जातं.

एकदा अशीच सांगत होते. ग्रामीण विद्यार्थिनींमध्ये परीक्षेची भीती सर्वांत कमी आढळते. पूर्णविराम. मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. हिंगणघाटकडच्या कुठल्याशा खेड्यातली होती, घराण्यात पहिलीच शिकणारी. ती म्हणाली की नववी-दहावीत परीक्षेच्या दिवसांत तिला भीतीनं अन्न जात नव्हतं, उलट्या व्हायच्या. नापास झाली असती तर बापानं दुसऱ्याच दिवशी कापूस वेचाले पाठवलं असतं. तिच्याबरोबरच्या साऱ्याच मुलींचं असंच होतं. मग हे कसं?

"कोणी काढलं हे, मॅडम?"

सगळा वर्ग माझ्याकडे बघत होता. मी पुस्तक मिटलं नाही.

"संशोधनात आढळलेलं आहे. पेपरात हमखास विचारतात. लिहून घे."

ती मग खाली बसली आणि तिनं ते लिहून घेतलं.