पाण्याखालचा नाला

माझी धाकटी जाऊ छातीपर्यंत गाळात रुतली होती. तिच्या शेजारीच गाडीचा उजवा बैल होता. त्याची पाठ बुडाली होती, फक्त मान आणि शिंगं वर होती. तो धडपडला की गाळ हलायचा आणि जाऊ आणखी खाली जायची. सासरा गाडीत उभा होता. गाडी आसापर्यंत रुतून थांबली होती. नवरा सरळ धावत सुटला, त्याला मी सदऱ्याला धरून मागे ओढलं.

हे तलावात झालं, आणि तलावात तेव्हा पाणी नव्हतं.

आमचं गाव सोनाळ्याच्या बाजूला, सातपुड्याच्या पायथ्याशी. महाराष्ट्र झाला त्या सुमारास मी लग्न होऊन इथं आले आणि त्याच सुमारास नाला अडवून मातीची भिंत घातली. पलीकडच्या गावाची गाडवाट त्या नाल्यातूनच जायची. आमच्याकडे उन्हाळ्यात नाला म्हणजेच रस्ता. वाळू घट्ट असते, चाक रुतत नाही. ती वाट पाण्याखाली गेली.

मी चौथी शिकले. तलावावर धुणं धुताना मला एक गोष्ट दिसली आणि ती डोक्यातून जाईना. डोंगरात पाऊस झाला की नाला गढूळ, लालभडक होऊन यायचा. पण तलावात शिरल्यावर थोड्या अंतरावर ते गढूळ पाणी एकदम नाहीसं व्हायचं. तिथं फेस, काड्या, पानं यांची एक रेघ तरंगत राहायची. रेघेच्या पुढं पाणी स्वच्छ, तोंड पाहावं असं. आणि भिंतीच्या तळाशी पाटाचं दार होतं, त्यातून मात्र गढूळ पाणी बाहेर पडायचं. म्हणजे ते जात कुठून होतं?

मी घरी पितळेची परात एका बाजूनं उचलून ठेवली, तिच्यात स्वच्छ पाणी भरलं आणि उंच कडेनं गाळ कालवलेलं पाणी हळूच सोडलं. ते वर मिसळलंच नाही. तळाला धरून घसरत गेलं आणि खालच्या कडेला जाऊन साचलं. खडे वरच राहिले, त्यांच्यापुढं वाळू, आणि अगदी मऊ गाळ सगळ्यात लांब. जाऊ दारात उभी राहून बघत होती. पुढं कितीतरी दिवस ती आल्यागेल्याला सांगायची की आमच्या बाई भाकरीचं पीठ सोडून चिखल मळतात.

मग लागोपाठ दोन वर्षं पाऊस पडला नाही आणि तलाव आटला. तळ उघडा पडला तेव्हा लोक गाळ न्यायला आले. तलावाचा गाळ शेतात टाकला की दोन-तीन वर्षं जमीन चांगली पिकते. आम्हीही गेलो. गाळ उपसता उपसता मी तळ बघत होते. परातीत दिसलं तेच इथं होतं. नाला शिरतो तिथं गोटे, मग वाळू, आणि भिंतीकडे लोण्यासारखा गाळ. जुना नाला अजून ओळखू येत होता. त्याच्या दोन्ही काठांना कोणी न घातलेले बांध तयार झाले होते, पाटाच्या दाराकडचा उंच, दुसरा ठेंगणा. मधल्या नाल्यावर वाळलेली पापडी होती, भेगा पडलेली.

सासऱ्यानं गाडी त्या नाल्यात घातली. मी म्हटलं, तिथं खाली ओलं असेल. सासरा म्हणाला, "नाल्यात वाळूच असते. माह्या बापाची गाडी याच वाटेनं गेली. तू काय परातीत पाह्यलं?" जाऊ गाडीत बसली होती, ती हसली. भिंतीजवळ पापडी फुटली. गाडी ओढायला मदत करावी म्हणून जाऊ खाली उतरली आणि तिचे पाय गेले.

नवऱ्याला धरून मी आधी ठेंगण्या बांधावरून निघाले, कारण तो जवळ होता. गुडघ्यापर्यंत रुतले. मागे फिरलो आणि वळसा घालून उंच बांधावर गेलो. तो वाळून कडक झाला होता, माणूस तोलत होता.

एकच काठ उंच का, हे मला तेव्हा कळलं नाही. फार वर्षांनी नात कॉलेजातून आली आणि सांगू लागली की समुद्राच्या तळाशीही गाळाच्या पाण्याचे लोंढे उतारानं धावतात, नाले कोरतात, काठ बांधतात. आणि तिथं तळालगत दुसरा एक संथ प्रवाह आडवा वाहत असला, तर तो उडालेला बारीक गाळ एका बाजूला नेतो आणि तो काठ वाढत जातो. मी तिला विचारलं, समुद्राला दार कुठं असतं? ती म्हणाली, दार नसतं आजी, थंड, जड पाणी आपोआप सरकत असतं. आमच्या तलावात ते काम पाटाच्या दारानं केलं होतं. गाळ त्याच्या ओढीनं त्या काठावर पडत गेला होता.

उंच बांधावरून आम्ही सासऱ्याला ओरडून सांगितलं की गाडीच्या तट्ट्या सोड. बांबूच्या त्या तट्ट्या त्यानं आमच्याकडे सरकवल्या. त्या गाळावर पसरून मी पालथी पडून सरकत गेले. मी हलकी होते. कमरेला नाडा, म्हणजे गाडीचा जाड दोर, बांधला होता, दुसरं टोक नवऱ्याकडे. जाऊचं तोंड पांढरं पडलं होतं. मला बघून म्हणाली, "परात आनली काय वं बाई?"

सासरा म्हणाला, आधी नाडा बैलाच्या शिंगाला टाक, तो गेला तर पेरणी कशानं करायची.

सासऱ्यासमोर मी तोवर कधी आवाज चढवला नव्हता. मी म्हटलं, "बैल दुसरा भेटते मामाजी. हिले दोन लेकरं हायेत."

त्यानं चाबकाची काठी मला दिली. जाऊच्या पायाशेजारी ती काठी घालून मी हलवत राहिले, म्हणजे खालचं पाणी वर येऊन गाळ सुटतो. नाडा तिच्या काखेतून घातला. नवऱ्यानं ओढलं, एक पाय सुटला, मग खूप वेळानं दुसरा. जोडवी गाळातच राहिली. नंतर सासरा तट्ट्यांवरून आला. डाव्या बैलाचं जुवाला बांधलेलं जोत कापलं, तो बांधाच्या बाजूला असल्यानं धडपडून वर आला. उजव्याला आम्ही अंधार पडेपर्यंत ओढलं.

जाऊ वाचली, सासरा वाचला, डावा बैल वाचला. उजवा तिथंच मेला.