निकालाआधीचे रोडगे

बहीण हिंदी मालिकेत खाष्ट जाऊ झाली आणि देशभर गाजली. शूटिंगचं निमित्त पुढे करत दोन-तीन वर्षं ती घरी, आमच्या वलगावला फिरकलीच नाही. यंदा टीव्हीच्या वार्षिक राष्ट्रीय पुरस्कारांत तिचं नाव आलं. हा सोहळा आधी चित्रित होतो आणि नंतर दाखवतात. म्हणजे निकाल तिला ठाऊक होता, पण बाहेर सांगायचा नाही असं तिच्याकडून लिहून घेतलेलं.

आणि नेमकी सोहळा टीव्हीवर दाखवायच्या आदल्या दिवशी ती अमरावतीहून ऑटो करून घरी हजर झाली.

बाबांनी लगेच शेजारपाजारी आवतण दिलं. उद्या संध्याकाळी आपल्या भाजीच्या मळ्यात रोडगे. कणकेचे गोळे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजायचे, सोबत वरण आणि वांग्याची भाजी. आमच्याकडे असे रोडगे करतात ते नवस फेडायला, आणि नवस फेडायचा तो पुरा झाल्यावर. इथे निकालाचा पत्ता नाही आणि बाबा गोवऱ्या रचायला निघालेले! आई म्हणाली, पोरगी स्वतःहून आली म्हणजे जिंकलीच समज. मला मात्र ते पटेना. हरली तर चार लोकांत बाबांचं हसं होणार होतं.

दुसऱ्या दिवशी मी बहिणीचा चेहरा वाचत हिंडलो. तिनं चहा नको म्हटलं की मला वाटे, हरली. मग मागून घेतला की वाटे, जिंकली. अशानं माणूस वेडा होतो. ती आपली मुकाट्यानं वांगी चिरत होती.

संध्याकाळी मळ्यातल्या खोपीत टीव्ही लावला. विजेची लाइन जावी म्हणून मी देवाचा धावा करत होतो. एरवी उठसूट जाणारी ती लाइन त्या दिवशी मेली हललीसुद्धा नाही.

तिच्या गटाचा पुरस्कार जाहीर झाला. नाव दुसरीचंच होतं. पडद्यावर आमची बहीण हसून टाळ्या वाजवत होती आणि इथे मळ्यात खाली मान घालून बसली होती. शेजारची काकू वरणाचा डाव हातात धरून तशीच उभी राहिली. मला बाबांचा राग आला आणि कीवही आली.

"बाबा, मले सांगता येत नव्हतं," बहीण म्हणाली. "पन तुमी निकालाच्या आधी रोडगे कावून केले?"

बाबांनी निखाऱ्यातून एक रोडगा काढला, त्याची राख झटकली आणि तो तिच्या ताटात फोडला.

"बक्षिसाचा नवस म्या केलाच नव्हता. तू घरी ये, येवढाच होता."

त्यांनी मला टीव्ही बंद करायला सांगितलं. आई तूप वाढत राहिली, बहीण रडत रडत जेवत राहिली. ती परत कधी जाणार, हे विचारायची आमच्यापैकी कुणाचीच हिंमत झाली नाही.