चष्मेवालीची बिनअपघाताची वर्षं

आमच्या गल्लीत सध्या अशी बातमी आहे, की चष्मेवालीने सख्ख्या भावाची गाडी लंपास केली, विम्याच्या कागदावरून त्याचं नाव खोडलं आणि पहाटेच्या अंधारात परराज्यात पसार झाली. बातमी चविष्ट आहे. मी स्वतः ती दोघींना सांगून पाहिली, चांगली चालते. पण खोटी आहे. गाडी तिचीच होती, विम्याचं काम भावाच्या तोंडून झालं, आणि ती गेली ती भर दुपारी, हॉर्न वाजवत. मी माझ्या गच्चीत उभी होते. कपडे वाळत घालायला म्हणून. कपडे आदल्या दिवशीच वाळले होते, तो भाग वेगळा.

चष्मेवाली म्हणजे माझ्या शेजारच्या घरातली धाकटी बहीण. लग्न केलं नाही. का, ते विचारायची सोय नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, "तुझ्या नवऱ्याकडे बघून ठरवलं." घरात थोरला भाऊ, म्हणजे दादा, आणि वहिनी. दादा शाळेत कवायत शिकवायचा, म्हणून गल्ली त्याला ड्रिलमास्तर म्हणते. निवृत्त झाला, पण छाती अजून ड्यूटीवरच आहे. वहिनी कमी बोलते. अशा घरात कुणीतरी कमी बोलावंच लागतं.

चष्मेवालीचं दुकान चौकात होतं. अरुंद, लांबट, आगगाडीच्या डब्यासारखं. पुढे फ्रेमा, मागे पडदा, पडद्यामागे काचा घासायचं यंत्र. यंत्राचा आवाज असा, की ऐकणाऱ्याच्या दाढा शिवशिवाव्यात. त्या आवाजातून ती गिऱ्हाइकांचा उद्धार करायची. एक जण डोळे बारीक करून तक्ता वाचत होता, त्याला म्हणाली, "बायको पसंत करतानाही असंच बघितलं होतंस ना? मग तिची काय चूक." चोखंदळ बायका तासभर फ्रेमा लावून बघायच्या. त्यांना ती सांगायची, "बाई, चष्मा बदलतो. नाक तेच राहणार." तरी लोक यायचे. तिने काढलेला नंबर कधी चुकला नाही. आणि शिव्या खाल्ल्याशिवाय इलाज लागू पडत नाही, असं काही माणसांना वाटतंच.

तिच्या जिभेमुळे गल्लीत तिला मित्र नव्हता. ड्रिलमास्तरला मात्र मान होता, आणि तो मुख्यतः गाडीमुळे. आयुष्यात एक ओरखडा नाही, असं तो सांगायचा. विमा कंपनीकडून दर वर्षी त्याला सुरक्षित चालक म्हणून शाबासकीचं पत्र यायचं. ते तो चौकट करून बाहेरच्या खोलीत लावायचा. गल्लीत कुणी नवी गाडी घेतली, की हा मागे हात बांधून तिच्याभोवती एक फेरी मारणार आणि म्हणणार, "गाडी हाताने नाही, शिस्तीने चालते."

आता खरी गंमत. त्याला गाडी येत नव्हती.

म्हणजे अगदीच येत नव्हती असं नाही. पहिल्या गिअरमध्ये, सरळ रेषेत, समोर कुणी नसेल तर येत होती. वडील मालट्रक चालवायचे, त्यांनी दोन्ही मुलांना मैदानावर शिकवलं. बहीण तासाभरात शिकली. दादाने गोलपोस्ट पाडलं. चष्मेवाली मला सांगत होती, तिथली पोरं पुढे कित्येक महिने एकाच बाजूला गोल करत होती. त्या दिवसापासून दादाच्या पोटात जी भीती बसली, ती उठलीच नाही. पण थोरल्या मुलाला गाडी येत नाही, हे बाहेर कसं सांगायचं? वडील गेल्यावर बहिणीने आपल्या कमाईतून गाडी घेतली. विमेवाला घरी आला, तेव्हा ती दुकानात होती. घरचा विमा एकच. त्यात मुख्य चालक म्हणून कुणाचं नाव, असं विचारल्यावर दादाने छाती पुढे काढली. बहिणीचं नाव खाली, कधीमधी चालवणारी म्हणून.

पुढचं सगळं ठरून गेलं. रोज संध्याकाळी चष्मेवाली दुकान बंद करायची, दादाला वाचनालयातून घ्यायची, आणि चौकापासून गाडी चालवत गल्लीच्या अलीकडच्या टायरवाल्याच्या दुकानापर्यंत आणायची. तिथे दोघं उतरून जागा बदलायची. मग दादा स्टिअरिंगला बसून, सेनापती नगरात शिरतो तसा, गल्लीत शिरायचा. रस्ता सरळ, फाटक उघडं, समोर अंगणाची भिंत. ब्रेक. सकाळी गाडी मागे घेऊन बाहेर काढायचं काम बहिणीचं. तेव्हा हा फाटकात उभा राहून दोन्ही हात हलवायचा, "येऊ दे, येऊ दे, डावीकडे!" गल्लीला वाटायचं, काय धीराचा भाऊ आहे, बहिणीला रोज शिकवतो.

माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून टायरवाल्याचं दुकान दिसतं. म्हणून मला पहिल्यापासून ठाऊक. मी एकदा तिला म्हटलं, "हे सोंग कशाला गं?" तर म्हणाली, "तेवढ्याने तो जेवताना गप्प बसतो. परवडतं मला."

असं सगळं सुखात चाललं असताना तिच्या दुकानासमोर एक काचेचं भलंमोठं दुकान झालं. आत गारवा, पिवळे दिवे, आणि गिऱ्हाइकाला 'सर' म्हणणाऱ्या मुली. लोकांना एकाएकी शिव्या नकोशा झाल्या. चष्मेवालीने यंत्र विकलं, पडदा काढला. रडली वगैरे नाही. बाजूच्या राज्यात एका डोळ्यांच्या दवाखान्याला माणूस हवं होतं. गावोगावच्या शाळांत जाऊन मुलांचे डोळे तपासायचे, यंत्रं आपल्या गाडीतून न्यायची. काम तिच्यासाठीच बेतल्यासारखं. मुलांवर ओरडायलाही मिळणार. अट एकच. महागडी यंत्रं गाडीत असणार, म्हणून चालवणारं माणूस मुरलेलं हवं, आणि त्याची बिनअपघाताची वर्षं विमा कंपनीने सांगायला हवीत.

तिने विमेवाल्याला घरी बोलावलं. हा सडपातळ माणूस, हातातली बॅग पोटाशी धरूनच बसतो. चष्मा तिनेच दिलेला, त्यामुळे तिच्याकडे बघताना त्याला आधीच अपराधी वाटतं.

"ताई, घरचा विमा म्हणजे एका छपराखाली राहणाऱ्यांचा," तो म्हणाला. "तुम्ही परराज्यात राहायला गेलात की ह्यातून बाहेर. तिकडे तुमचा वेगळा विमा."

"काढा की मग. माझी इतक्या वर्षांची चालवणी तिकडे लागू होईल ना?"

विमेवाल्याने बॅग आणखी जवळ ओढली. "वर्षं मुख्य चालकाच्या नावावर असतात. तुम्ही आमच्याकडे कधीमधी चालवणाऱ्या. तिकडे तुम्ही नवशिक्या धरल्या जाल."

मी कुंपणाजवळ आधीच लख्ख असलेली पायरी पुन्हा झाडत होते. चष्मेवालीचा चेहरा दिसत नव्हता, पण पेला जमिनीवर आपटल्याचं ऐकू आलं.

"ह्यावर उपाय?"

"मुख्य चालकाने माझ्यासमोर सांगायचं, की गाडी खरी ह्याच चालवत होत्या. मी तसं कंपनीला कळवतो, वर्षं तुमच्या नावावर होतात. पण ते मास्तरांनी सांगायला हवं."

मास्तर आतून आलेच. "वर्षंबिर्षं काही हलवायची नाहीत. नाव आहे तिथे राहू दे. ती इथेच राहते असं लिहा. तिची खोली आहे, कपाट आहे, कपाटात साड्या आहेत."

"साहेब, साड्यांचं कंपनी विचारत नाही. गाडी रात्री कुठे उभी असते ते विचारते. आणि विचारते ती कुठेतरी ठोकल्यानंतर."

"म्हणजे काय, कळलं का दादा?" चष्मेवाली म्हणाली. "मी तिकडे रस्त्यावर, आणि कागदावर इथे खोलीत झोपलेली. उद्या कुणी मला धडकलं, तर कंपनी म्हणेल, बाई, तुम्ही तर झोपला होतात. शिवाय दवाखान्याला काय दाखवू? तुझी पत्रं?"

"घरातून नाव काढायला निघालीस तू!"

"विम्यातून. घरातून तर तू काढतोयस, ओरडून."

त्या दिवसापासून त्या घरात युद्ध. दादाने गल्लीभर सांगितलं, बहीण घर मोडायला निघाली. लोकांनाही निमित्तच हवं होतं. ज्यांच्या ज्यांच्या नाकाला तिने कधी नावं ठेवली होती, ती सगळी नाकं आता वर झाली. पिठाच्या गिरणीत तिच्याशी कुणी बोलेना. दादाने गाडीची किल्ली लपवली. तिने ती पत्राच्या चौकटीमागून काढली. त्याला लपवायला दुसरी जागा सुचतच नाही. ती संध्याकाळी गाडी टायरवाल्यापाशी थांबवेनाशी झाली, आणि तो वाचनालयातून चालत यायला लागला. गल्लीला सांगे, "व्यायाम." दोघं एकमेकांशी वहिनीमार्फत बोलत. "तिला सांग, मीठ दे." "त्याला सांग, पुढ्यात आहे." वहिनी दोघांकडे न बघता जेवत असे.

दवाखान्याने निरोप पाठवला, की आठवड्याच्या आत कळवा, नाहीतर दुसरं माणूस बघतो. चष्मेवालीने विमेवाल्याला पुन्हा बोलावलं. ह्या वेळी अंगणात, गाडीजवळ. मी कपडे धुण्याची बादली घेऊन त्यांच्याच नळावर गेले, गाडीपुढच्या भिंतीलगतच्या. आमच्या नळाला त्या दिवशी पाणी होतं, पण जोर नव्हता.

विमेवाल्याने घसा साफ केला. "मास्तर, मी एकदाच विचारतो आणि जे सांगाल ते कळवतो. गाडी मुख्यतः कोण चालवत होतं?"

दादाने फाटकाकडे पाहिलं. फाटकाबाहेर पाच-सहा डोकी होती. "मी," तो म्हणाला. "हिला तर मागे घ्यायलासुद्धा मीच शिकवलं."

विमेवाल्याने पेन खिशात ठेवलं. मला वाटलं, आता ही काचा फोडणार. पण चष्मेवालीने गाडीकडे एकदा बघितलं, ओढणीच्या टोकाने बॉनेटवरची धूळ पुसली. एक ओरखडा पडला तरी तिची वर्षं डागाळणार होती, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं? तरी तिने किल्ली दादापुढे धरली.

"मग ह्यांना ऑफिसात सोडून ये. उन्हात आलेत."

"नको, मी चालत..." विमेवाला म्हणाला.

"बसा!" ती म्हणाली. तो मागच्या सीटवर बसला, बॅग पोटाशी.

दादाला किल्ली घ्यावीच लागली. बाहेरची डोकी आता दहा झाली होती. गाडीचं नाक भिंतीकडे, फाटक पाठीमागे. तो सीटवर बसला, आरसा नीट केला, मग दुसरा आरसा नीट केला. चष्मेवाली फाटकात जाऊन उभी राहिली आणि दोन्ही हात हलवायला लागली. "येऊ दे, दादा, येऊ दे!"

गाडी गुरगुरली. गिअरचा असा आवाज झाला, की मला तिच्या दुकानातलं यंत्र आठवलं. मग एक हिसका, आणि गाडी मागे यायच्या ऐवजी पुढे गेली. मी उडी मारली. बादलीला उडी मारता येत नाही. ती बंपर आणि भिंत यांच्यामध्ये सापडली, फुटली, आणि तिने गाडीला ओरखडा पडू दिला नाही. इंजिन बंद पडलं.

"साहेब," मागून आवाज आला, "मी उतरू का?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून वहिनी म्हणाली, "अहो, तुम्हीच उतरा आता. क्लचचा वास आमटीपर्यंत आलाय." इतकं मोठं वाक्य मी तिच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. बाहेर कुणीतरी हसलं, मग सगळेच. मी हसले नाही. बादली माझी होती.

दादा उतरला नाही. स्टिअरिंगवर हात ठेवून भिंतीकडे बघत राहिला. मान तेवढी ताठ. चष्मेवाली फाटकातून आली, खाली वाकून बंपरवरून बोटं फिरवली आणि उभी राहिली. तिचे ओठ पांढरे पडले होते.

"लिहा," दादा काचेतून म्हणाला. "तिने चालवली. पहिल्या दिवसापासून."

"आणि तुम्ही, मास्तर?"

"मी शेजारी बसायचो."

विमेवाल्याने मांडीवरच लिहून घेतलं आणि जो निघाला, तो चालतच. डोकी पांगली. चष्मेवालीने गाडी मागे घेतली, वळवली, पुन्हा लावली, एका दमात. दादा पायरीवर बसून घाम पुसत होता. तिने किल्ली आपल्या पर्समध्ये टाकली तेव्हा तो उसळला.

"मिळाली ना तुझी वर्षं? घालवलीस ना माझी अब्रू? जा आता. आणि परत ह्या घराची पायरी चढायची नाही!"

तिने त्याच्याकडे पाहिलं, मग बादलीचे तुकडे गोळा करणाऱ्या माझ्याकडे पाहिलं, आणि म्हणाली,

"चढणार. तू दार उघडलं नाहीस तर वहिनी उघडेल. तिनेही नाही उघडलं, तर ह्या शेजारणीकडे उतरेन, आणि तुझ्याबद्दल तिला अजून जे ठाऊक नाही ते सगळं बसून सांगेन."